मांजराला मधुमेह झालाय? घरी कसं सांभाळायचं, पहिल्या संध्याकाळपासून

आमच्या मोगूचा मधुमेह डॉक्टरांच्या आधी मुंग्यांनी ओळखला. गोव्यात फोंड्याला आमच्या मागच्या बाल्कनीत त्याचा वाळूचा ट्रे असतो. एका मे महिन्यात त्या ट्रेच्या कडेला लाल मुंग्यांची रांग लागायला लागली. आई म्हणाली, "कुणीतरी गोड सांडलंय." पुसून घेतलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग. त्याच सुमाराला लक्षात आलं की दिवसभर पुरणारी पाण्याची वाटी आता तीनदा भरावी लागतेय. बोका नऊ वर्षांचा, एके काळी सात किलोचा. खाणं दुप्पट झालं होतं आणि वजन भरलं पाच किलो दोनशे ग्रॅम.

निदान झालं त्या संध्याकाळी मी इन्सुलिनची बाटली, सिरिंजचं पाकीट आणि चार ओळींची चिठ्ठी घेऊन घरी आले. मोगू टेबलाखाली बसून माझ्याकडे बघत होता आणि मला काय आधी करायचं तेच सुचत नव्हतं. तुमच्या घरी तशी संध्याकाळ आली असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. डोस, औषध आणि तपासण्या तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण घरी आल्यावर स्वयंपाकघरात उभं राहून जे जे करावं लागतं, ते मी इथं क्रमानं लिहितेय.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा, बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. साखर जास्त राहिली तर आपल्या हातात दिवस असतात. साखर खाली गेली तर मिनिटं असतात. म्हणून इन्सुलिनच्या बाबतीत जेव्हा जेव्हा शंका येईल, तेव्हा कमी देण्याच्या बाजूला झुका.

१. निदानाची खात्री करून घ्या

खूप पाणी पिणं, खूप लघवी, भूक वाढूनही वजन उतरणं ही मुख्य लक्षणं. काही मांजरं मागच्या पायांच्या बोटांवर चालायची सोडून टाचा टेकून, बसक्या चालीनं चालू लागतात. साखरेमुळे नसांवर परिणाम होतो म्हणून असं होतं. मोगू ओट्यावर उडी मारताना अडखळायचा. आम्ही वयावर ढकललं, ते चुकलं.

दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनं ३०० च्या वर (साखरेचे इथले सगळे आकडे mg/dL मध्ये) जाऊ शकते, मधुमेह नसतानाही. त्यामुळे टेबलावर घेतलेल्या एकाच आकड्यावर निदान होत नाही. लघवीतली साखर तपासायला सांगा. रक्तातली साखर साधारण २५० च्या वर राहिली की मांजराच्या लघवीत साखर उतरते. जमलं तर फ्रुक्टोसामाइन ही रक्ततपासणी करा. ती साधारण मागच्या दोन आठवड्यांतली सरासरी दाखवते, त्यामुळे त्या दिवशीच्या घाबरण्याचा तिच्यावर परिणाम होत नाही.

मूत्रपिंडाचा आजार आणि थायरॉइड वाढणं यांतही पाणी पिणं वाढतं आणि वजन उतरतं, म्हणून त्या तपासण्याही त्याच रक्तात करून घ्या. दात आणि लघवीचा संसर्ग बघायला सांगा. असा संसर्ग असला की इन्सुलिन नीट लागू पडत नाही.

आणि एक आठवून सांगा: गेल्या काही महिन्यांत खाज किंवा हिरड्यांच्या सुजेसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं का? लांब टिकणाऱ्या स्टेरॉइडनं मांजरात मधुमेह उघडा पडू शकतो. आपण हे सांगितलं नाही तर नव्या डॉक्टरांना कळायला मार्ग नाही.

२. सामान आणि कागद एका डब्यात

आमच्याकडे चकलीचा जुना स्टीलचा डबा आहे. त्यात काय काय आहे ते सांगते.

- इन्सुलिनच्या सिरिंज, इन्सुलिनच्या ताकदीला जुळणाऱ्या (हा मुद्दा पुढे सविस्तर आहे)
- ग्लुकोमीटर, पट्ट्या, टोचायच्या सुया
- लघवीत साखर आणि कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागलं की तयार होणारी द्रव्यं) दोन्ही दाखवणाऱ्या पट्ट्या
- मधाची छोटी बाटली, जिला घरात कुणीही हात लावायचा नाही
- कापूस आणि व्हॅसलीन
- वापरलेल्या सुयांसाठी जाड प्लास्टिकची झाकणाची बाटली
- वही आणि तिला बांधलेलं पेन

वजनासाठी वेगळा काटा घेतला नाही तरी चालतं. आधी मांजराला घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करायची.

कागदांच्या फाइलमध्ये लसीकरणाचं कार्ड, सगळे रक्ताचे आणि लघवीचे रिपोर्ट, आणि डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. चिठ्ठीवर मांजराचं नाव, इन्सुलिनचं नाव, त्याची ताकद, डोस आणि सिरिंजचा प्रकार एवढं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं "इन्सुलिन १ युनिट" असं लिहिलेली चिठ्ठी अर्धवट समजा.

पहिल्या पानावर दोन फोन नंबर लिहा: आपल्या डॉक्टरांचा आणि रात्री फोन उचलणाऱ्या दवाखान्याचा. दुसरा नंबर आजच शोधा. सांगे, काणकोण किंवा सत्तरीच्या आतल्या गावात राहत असाल तर रात्री पोचायला किती वेळ लागतो तेही एकदा मोजून ठेवा.

३. लाल झाकण आणि केशरी झाकण

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर निदान एवढा भाग वाचा.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात मुख्यतः दोन ताकदींचं इन्सुलिन मिळतं. एकात दर मिलीलिटरला ४० युनिट असतात, दुसऱ्यात १००. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० वाल्या सिरिंजचं झाकण लाल, १०० वाल्याचं केशरी. मांजरांना बरेचदा दिलं जाणारं ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन बहुधा १०० च्या ताकदीचं असतं. खास जनावरांसाठी बनवलेली काही इन्सुलिनं मात्र ४० ची असतात. म्हणजे "मांजराचं इन्सुलिन" एवढं म्हणून कुणीच बरोबर सिरिंज देऊ शकत नाही.

माझ्या हातात पहिल्या दिवशी ग्लार्जिनची बाटली आणि लाल झाकणाच्या सिरिंज पडल्या होत्या. दुकानातल्या माणसानं जी जास्त खपते ती दिली, मीही बघितली नाही. रात्री बाटलीवरचा १०० आकडा आणि सिरिंजवरचा ४० आकडा शेजारी शेजारी दिसले म्हणून थांबले. हिशेब असा आहे: लाल सिरिंजवर एक युनिटची खूण म्हणजे ०.०२५ मिलीलिटर. त्यात १०० ताकदीचं इन्सुलिन भरलं तर आत जातात अडीच युनिट. एका युनिटवर सुरू होणाऱ्या पाच किलोच्या मांजराला अडीच पट डोस. उलटं झालं, म्हणजे ४० चं इन्सुलिन केशरी सिरिंजनं दिलं, तर एका युनिटच्या खुणेवर जेमतेम ०.४ युनिट जातं. मग साखर खाली येत नाही आणि आपण विनाकारण डोस वाढवत बसतो.

म्हणून बाटलीवरचा आकडा मोठ्यानं वाचा, सिरिंजवरचा आकडा मोठ्यानं वाचा, आणि दोन्ही एकच असतील तरच पुढे जा. नवीन पाकीट उघडताना प्रत्येक वेळी हे करा. आमच्याकडे अजून करतात.

दुसरा सापळा रेघांचा. एक मिलीलिटरच्या केशरी सिरिंजवर एक बारीक रेघ बहुतेक वेळा दोन युनिटची असते. त्यावर एक युनिट अंदाजानं भरावं लागतं आणि मांजराच्या बाबतीत अंदाज चालत नाही. ०.३ मिलीलिटरची सिरिंज मागा. तिच्यावर एकेक युनिटची रेघ असते, काहींवर अर्ध्या युनिटचीही. सिरिंजऐवजी इन्सुलिनचं पेन घेणार असाल तर बहुतेक पेनं एकेक युनिटनंच पुढे जातात हे लक्षात असू द्या. पुढे डोस अर्ध्यावर आणायची वेळ आली की अडचण होते.

४. इन्सुलिन कुठं ठेवायचं

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. गाडीच्या डॅशबोर्डवर पाच मिनिटंसुद्धा ठेवू नका, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर नाहीच.

ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं. ते हलवायचं नाही, कशात मिसळायचं नाही, पातळ करायचं नाही. गढूळ दिसलं किंवा तळाशी काही दिसलं तर नवीन बाटली. दुधाळ दिसणारं इन्सुलिन दिलं असेल तर ते कसं ढवळायचं हे त्याच्या पत्रकात लिहिलेलं असतं, ते पाळा. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा आणि किती दिवस वापरायची ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. माणसांसाठीच्या पत्रकात ग्लार्जिन उघडल्यावर २८ दिवस असं असतं.

जून-जुलैत वीज गेली की सगळे घाबरतात. दोन-चार तासांनी काही होत नाही, फक्त फ्रिजचं दार उघडू नका. जास्त वेळ गेली तर रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवा आणि बाटली टॉवेलाच्या वरच्या बाजूला, बर्फाला न टेकता. ओल्या वाळूच्या मडक्यात इन्सुलिन ठेवायची युक्ती कोरड्या हवेत छान चालते. आपल्या पावसाळी दमट हवेत मडक्यातलं पाणी उडतच नाही, त्यामुळे ते हवं तसं गार होत नाही. मडक्यावर विसंबू नका.

५. सुई टोचणं

ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते तेच सगळ्यात सोपं निघतं. या सुया इतक्या बारीक असतात की मोगू खाताना मानही वर करत नाही.

आधी डॉक्टरांसमोर नुसत्या सलाइननं एकदा करून दाखवायला सांगा. घरी मोसंब्यावर दहा वेळा टोचून हात बसवा. मग:

पहिलं, वेळ ठरवा. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं. आमची सात आणि सातची. घरातलं माणूस त्या वेळी हमखास घरी असेल अशीच वेळ घ्या. तासभर इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही.

दुसरं, आधी खाणं. वाटी समोर ठेवा आणि ते खातंय याची खात्री करा. खाल्लंच नाही किंवा खाऊन उलटी केली तर पूर्ण डोस देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. फोन लागला नाही तर त्या वेळचा डोस सोडा.

तिसरं, बाटली उलटी धरून ठरलेल्या रेघेपर्यंत भरा. बुडबुडा आला तर टिचकी मारून वर आणा आणि बाहेर काढा. एका युनिटमध्ये छोटासा बुडबुडासुद्धा बराच डोस खातो.

चौथं, बरगड्यांच्या बाजूला किंवा कुशीजवळ चिमटीत कातडी उचला, तंबूसारखी. तंबूच्या तोंडातून सुई आत घाला, दाबा, मोजून तीन सेकंद थांबा, बाहेर काढा. रोज जागा थोडी बदला. मानेच्या मागे टोचलं तरी चालतं, पण तिथेच रोज टोचू नका.

पाचवं, वहीत टिक आणि वेळ. हे लगेच लिहायचं. आमच्या घरी एकदा मी सात वाजता दिलं आणि सव्वासातला माझा नवरा सिरिंज भरून उभा होता. वहीतली टिक बघून तो थांबला.

कधी सुई कातडीच्या आरपार जाते आणि इन्सुलिन केसांवर सांडतं. केस ओले लागतात, औषधाचा वास येतो. किती आत गेलं ते कळत नाही. अशा वेळी दुसऱ्यांदा टोचायचं नाही. एक थेंब गेला असो की सगळं, पुढचा डोस बारा तासांनीच. डोस विसरलात तर पुढच्या वेळी दुप्पट कधीही नाही.

वापरलेली सुई पुन्हा वापरू नका. ती जाड बाटलीत टाका, भरली की झाकण चिकटवा आणि "सुया" असं लिहा. वापरलेल्या सुया हा घातक कचरा आहे, तेव्हा ओल्या-सुक्यात मिसळू नका. पंचायतीच्या किंवा पालिकेच्या गाडीवरच्या माणसाला वेगळी बाटली हातात देऊन सांगा, किंवा दवाखान्यात परत द्या. कचरा हातानं वेगळा करणाऱ्या माणसाला आपल्या घरची सुई टोचता कामा नये.

६. हुमण-भात बंद

गोव्यातली मांजरं माशांवर वाढतात असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती भातावर वाढतात. मोगूची वाटी बघा: मूठभर भात, त्यावर हुमणाचं (माशाच्या आमटीचं) उरलेलं आणि बांगड्याचं डोकं. शिवाय दिवसभर कोरड्या दाण्यांची वाटी भरलेली. मांजराचं शरीर मांसावर चालणारं आहे, त्याला पिष्ट (कार्बोहायड्रेट) फारसं लागत नाही. मधुमेहात तर तेच सगळ्यात आधी कमी करायचं.

पाकिटावर पिष्ट किती ते लिहिलेलं नसतं, ते काढावं लागतं. प्रथिनं, चरबी, तंतू, पाणी आणि राख (म्हणजे खनिजं) यांचे टक्के मिळवा, शंभरातून वजा करा, उरलं ते पिष्ट. राख दिली नसेल तर ओल्या खाण्यात २ आणि कोरड्यात ८ धरा. आता प्रथिनं आणि पिष्ट यांना ३.५ नं आणि चरबीला ८.५ नं गुणा, म्हणजे कुठून किती उष्मांक येतात ते कळतं.

एका ओल्या पाऊचवर प्रथिनं ११, चरबी ५, तंतू १, पाणी ८० असेल आणि राख २ धरली, तर पिष्ट उरतं १. उष्मांक ३८.५, ४२.५ आणि ३.५. पिष्टाचा वाटा साधारण ४ टक्के. कोरड्या दाण्यांत प्रथिनं ३०, चरबी १०, तंतू ४, पाणी १०, राख ८ असेल तर पिष्ट ३८. उष्मांक १०५, ८५ आणि १३३, म्हणजे पिष्टाचा वाटा ४१ टक्के. आपल्याला साधारण १२ टक्क्यांच्या आत राहायचं आहे. हा हिशेब दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर होतो. पाकिटाच्या पुढच्या बाजूला काय छापलंय त्यापेक्षा यावर विश्वास ठेवा.

घरचं द्यायचं तर उकडलेलं चिकन, अंडं, उकडलेला मासा, बिनमिठाचं. पण महिनोन् महिने नुसतं घरचंच देणार असाल तर टॉरिन (मांजराला खाण्यातून लागणारं अमिनो आम्ल), कॅल्शियम, जीवनसत्त्वं यांचं प्रमाण डॉक्टरांकडून बसवून घ्या. नुसते तारले आणि बांगडे हे पूर्ण खाणं नव्हे. तेलकट माशांवरच ठेवलेल्या मांजराला ई जीवनसत्त्व कमी पडतं, आणि काही कच्च्या माशांत बी-१ नष्ट करणारं द्रव्य असतं. कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतो, म्हणून हुमण धुऊन दिलं तरी नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा घरात सुकं आणि खारं येतं, तेही त्याच्यासाठी नाही.

इथे एक मोठा धोका आहे. भात आणि दाणे बंद झाले की इन्सुलिनची गरज झपाट्यानं उतरते, कधी आठवड्याभरातच. जुना डोस तसाच चालू राहिला तर साखर कोसळते. खाणं बदलायचं तर डॉक्टरांना सांगून, हळूहळू, आणि साखर मोजत मोजत बदला.

जाड मांजराचं वजन उतरवायचं असतं, पण आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास. सहा किलोच्या बोक्याला साठ ग्रॅम. उपाशी ठेवून नाही. मांजर दोन दिवस जेवलं नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचू लागते आणि तो वेगळाच जीवघेणा आजार होतो.

७. कानातून साखर मोजणं

घरी मोजलेली साखर दवाखान्यातल्यापेक्षा खरी, कारण मांजर आपल्या चटईवर असतं.

कानाच्या कडेनं एक बारीक शीर जाते, ती उजेडाच्या बाजूला कान धरला की दिसते. त्या शिरेत नाही, शीर आणि कानाची कड यांच्यामधल्या पट्टीत टोचायचं. कान गार असेल तर रक्त येत नाही. मोज्यात मूठभर तांदूळ घालून तो गरम करा, आपल्या गालाला लावून बघा आणि मग कानाला अर्धा मिनिट धरा. कानावर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा, म्हणजे थेंब केसांत पसरत नाही, मण्यासारखा उभा राहतो. मागून कापसाचा बोळा धरा, टोचा, थेंबाला पट्टी लावा, आणि मग बोळ्यानं पाच-दहा सेकंद दाबून धरा. लगेच काहीतरी आवडीचं द्या. मोगूला चिकनचा एक तुकडा मिळतो. आता मीटरच्या डब्याचा आवाज आला की तो स्वतःच चटईवर येऊन बसतो.

पहिले चार-पाच दिवस जमणार नाही. कान निळा पडेल, पट्ट्या वाया जातील. एका वेळी दोनदाच प्रयत्न करा, नाही जमलं तर सोडा.

माणसांचं मीटर मांजराच्या रक्तात साधारणपणे खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. जनावरांसाठीचं मीटर मिळालं तर उत्तम, नाहीतर माणसांचंच वापरा, पण एकच वापरा आणि कोणतं आहे ते डॉक्टरांना सांगा. आपल्या हवेत पट्ट्यांची डबी उघडी राहिली की त्या दमट होऊन चुकीचे आकडे देतात. पट्टी काढली की झाकण लगेच बंद.

वही अशी: तारीख, वेळ, खाण्याआधीची साखर, किती खाल्लं, डोस, काही वेगळं दिसलं का. आठवड्याला वजन. डॉक्टर सांगतील तेव्हा एक दिवस दर दोन तासांनी बारा तास मोजायचं, त्यावरून कळतं की इन्सुलिन कधी सगळ्यात जास्त काम करतं. त्या दिवसातला सगळ्यात खालचा आकडा साधारण ८० ते १५० मध्ये असावा असा बहुतेक डॉक्टरांचा प्रयत्न असतो. एकाच मोठ्या आकड्यावर घाबरून स्वतःच डोस वाढवू नका. शेजारी फटाका फुटला तरी मांजराची साखर वर जाते.

८. साखर खाली गेली तर

हे पान फ्रिजला चिकटवून ठेवा.

आधी भूक खवळते, मग झोकांड्या, डोळे शून्यात, अंग कापणं, हाक मारली तरी दाद न देणं, शेवटी झटके. काही मांजरं नुसती कोपऱ्यात गप्प बसतात. मीटरवर ६० च्या खाली आकडा आला आणि मांजर ठीक दिसतंय, खातंय, तर लगेच खायला द्या, मध चाटवा, डॉक्टरांना फोन करा आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी मोजत राहा.

लक्षणं दिसत असतील तर मोजण्यात वेळ घालवू नका. बोटावर मध किंवा घट्ट साखरपाणी घेऊन हिरड्यांना आणि ओठांच्या आतून चोळा. झटके येत असतील तर तोंडात काही ओतू नका, श्वासात जाईल. बोटं दातांमध्येही घालू नका, फक्त ओठांच्या बाहेरून हिरडीला लागेल एवढंच. आणि गाडी काढा. मधानं उठून बसलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण इन्सुलिन अजून अंगात काम करत असतं आणि साखर पुन्हा उतरते. पुढचा डोस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही.

मोगूच्या बाबतीत हे तिसऱ्या आठवड्यात झालं. दुपारी अडीच वाजता आई त्याला हाक मारत होती आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा होता, पुढचा पाय पुन्हा पुन्हा उचलत. मीटरवर ४४. आईनंच मध लावला. मी कामावर होते. तिला काय करायचं ते माहीत होतं, कारण पान फ्रिजवर होतं.

९. उलट्या, सुस्ती, खाणं बंद

दुसरी धावपळीची वेळ ही. साखर खूप दिवस वर राहिली किंवा दुसरा आजार आला की रक्तात कीटोन वाढतात. मांजर जेवत नाही, उलट्या करतं, निपचित पडतं, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येऊ शकतो. लघवीच्या पट्टीवर कीटोनचा रंग आला आणि मांजर आजारी दिसतंय तर सकाळपर्यंत थांबू नका. याला सलाइन लावून दवाखान्यातच ठेवावं लागतं. लघवीचा थेंब मिळवायला ट्रेमध्ये वाळूऐवजी एक दिवस धुतलेले मत्स्यालयातले खडे ठेवले तर ते पाणी शोषत नाहीत.

१०. गोळ्या आणि घरगुती उपाय

आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या मांजराला देऊ नका. कारल्याचा रस, मेथी, जांभळाच्या बियांची पूड यांनी इन्सुलिनची जागा भरून निघत नाही, आणि कडू चवीनं ते जेवण मात्र सोडतं. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन ही तोंडानं द्यायची औषधं मांजरांसाठी मंजूर झाली. ती आधी इन्सुलिन न घेतलेल्या, बाकी ठणठणीत मांजरांसाठी आहेत, आणि त्यांत साखर फार वर न दिसताही कीटोन वाढू शकतात. त्यांचा विचार डॉक्टरांबरोबरच करा.

११. चवथ, नरकासुर आणि बाहेर फिरणारं मांजर

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी जायचं असतं. आम्ही पहिल्या वर्षी मोगूला बरोबर नेलं. तीस माणसं, घुमट, आरत्या, फटाके. तो माळ्यावर जाऊन बसला आणि दीड दिवस खाली आला नाही. आता शेजारच्या वहिनींना शिकवलंय. त्यांच्याकडून आधी आठवडाभर रोज संध्याकाळचा डोस माझ्यासमोर देऊन घेतला. असं एक माणूस आजपासूनच तयार करा.

दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री गावभर आवाज असतो. त्या संध्याकाळी मांजराला सहाच्या आत घरात घ्या, आतल्या खोलीत ठेवा, आणि सापडलं नाही तर डोस सोडा. परसात हिंडणाऱ्या मांजराला निदान पहिले दोन-तीन महिने घरातच ठेवा. बाहेर ते शेजारच्या घरी भात खाऊन येतं आणि कुठल्यातरी झुडपात त्याची साखर खाली गेली तर आपल्याला कळतही नाही. चार घरं फिरून सांगा की याला काही घालू नका. आम्ही गळ्यात छोटा पट्टा बांधलाय, त्यावर लिहिलंय: "मला मधुमेह आहे, खायला देऊ नका." आणि खाली फोन नंबर.

१२. इन्सुलिन बंद होऊ शकतं का

हो, काही मांजरांचं होतं. निदान लवकर झालं, पिष्ट कमी केलं, पहिल्या काही महिन्यांत साखर नीट ताब्यात आली तर शक्यता वाढते. तेव्हा डोस पायरीपायरीनं उतरवतात. आकडे सतत खाली येऊ लागले की डॉक्टरांना वही दाखवा, तुम्ही स्वतः थांबवू नका.

बंद झालं तरी मधुमेह परत येऊ शकतो. भात आणि दाणे परत सुरू करायचे नाहीत, स्टेरॉइड देण्याआधी प्रत्येक डॉक्टरांना हा इतिहास सांगायचा, आठवड्यातून एकदा साखर किंवा लघवीची पट्टी बघायची. मोगू सध्या अर्ध्या युनिटवर आहे, सकाळ-संध्याकाळ. वजन पाच किलो आठशे. ओट्यावर एका उडीत चढतो, आणि ट्रेच्या कडेला मी रोज सकाळी मुंग्या आहेत का ते बघते.